बाहेर पडायची तरतूद

मी एकदा अकरा कुटुंबांना देशद्रोही ठरवलं होतं. भर सभेत, एका शाळेच्या कॅफेटेरियात, हातात साबुदाण्याच्या खिचडीची कागदी ताटली धरून. ताटली खाली ठेवून ठरवलं असतं तर निदान थोडी शोभा राहिली असती. पण मला एवढी घाई झाली होती की तोंडात शेंगदाणा असतानाच मी निकाल दिला. फाशी तेवढी द्यायची राहिली, कारण पाच वाजता कॅफेटेरिया रिकामा करून द्यायचा होता आणि खुर्च्याही घडी करून ठेवायच्या होत्या.

नातवंडांना ही गोष्ट फार आवडते. "आजी, टेल दॅट ट्रीझन स्टोरी," म्हणून मागे लागतात. मी खिचडीपर्यंत सांगते. ती हसतात, मीही हसते, आणि मग मला काहीतरी काम आठवतं. पुढची गोष्ट त्यांना सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकातले दिवस. आम्ही शिकागोच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहत होतो. हे इंजिनियर, मी घरी, मुलं शाळेत. आमचं एक मराठी मंडळ होतं आणि मी त्याची चिटणीस होते. मंडळ म्हणजे वर्षाचे पाच कार्यक्रम, प्रत्येक कार्यक्रमाला उशिरा सुरू होणारं नाटक, आणि नाटकाहून रंगणारी जेवणं. ते कोणत्याही लेखी नियमांवाचून सुखाने चाललं होतं. तेवढ्यात मी नागरिकत्वाच्या क्लासला जायला लागले.

क्लास पब्लिक लायब्ररीच्या तळघरात भरायचा. शेजारी एक पोलिश आजी, पलीकडे दोन मेक्सिकन भाऊ, आणि मध्ये वही-पेन्सिल घेतलेली मी, पुण्यातून बी.ए. झालेली, त्यामुळे सगळं आधीच येत असल्यासारखा चेहरा करून बसलेली. तिथे अमेरिकेची घटना शिकवली आणि ती माझ्या डोक्यात भिनली. मला वाटलं, एवढ्याशा पानांत जर एवढा मोठा देश मावतो, तर आमचं मंडळ का नाही मावणार? मी आठवडाभर बसून मंडळाची घटना लिहिली. त्यात उद्दिष्टं होती, कार्यकारिणी होती, आर्टिकल एक ते नऊ होती. "आम्ही, शिकागो परिसरातील मराठी जन" अशी सुरुवात होती. मला स्वतःलाच वाचून भरून आलं.

ह्यांनी वाचली आणि म्हणाले, "छान आहे. पण ह्यात खिचडी कुणी करायची ते नाहीये."

आणखीही एक गोष्ट नव्हती. कुणाला मंडळ सोडायचं झालं तर कसं सोडायचं, ते नव्हतं. मला सुचलंच नाही. सोडून कोण जाईल?

आता माझ्या मैत्रिणीबद्दल सांगते. ती नागपूरची. आम्ही दोघी अमेरिकेत आलो त्याच वर्षी एकमेकींना भेटलो, एका दुकानात, मोहरीच्या शोधात. ती मला 'पुणेकर' म्हणायची, मी तिला 'नागपूरकर'. खरी नावं आम्ही फक्त भांडताना घ्यायचो. पहिली काही वर्षं आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो. तिची मुलगी माझ्या मांडीवर वाढली, माझा मुलगा तिच्या हातचं तिखट खाऊन रडतारडता अजून मागायला शिकला. तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, शांत माणूस. कुठल्याही भांडणात ते आधी उठून खिडकी उघडायचे आणि मग बोलायचे.

पुढे त्यांनी नेपरव्हिलला घर घेतलं. शिकागोच्या पार पश्चिमेला, आमच्यापासून तासाभराचा रस्ता, आणि बर्फ पडला की किती तासांचा ते देवाला ठाऊक. हळूहळू तिकडे बरीच मराठी घरं झाली. मंडळाचे कार्यक्रम मात्र आमच्याकडेच, उत्तरेला. संक्रांतीला ती लोकं पोरांना स्नोसूटमध्ये कोंबून यायची, तीळगूळ घ्यायची आणि रस्ते गोठायच्या आत परत निघायची. एका संक्रांतीला त्यांच्यातली एक गाडी घसरून खड्ड्यात गेली. कुणाला लागलं नाही. पण त्यानंतरच्या मे महिन्यातल्या सभेत भाऊजी उठले, खिडकी उघडली आणि म्हणाले, "आमचं एक म्हणणं आहे. आम्ही अकरा घरं तिकडेच एक छोटं मंडळ काढावं म्हणतो. गणपती तिकडे बसवू. तुम्ही सगळे या. तुमच्याकडे बोलावलं तर आम्हीही येऊच."

एवढंच. ह्यात चिडण्यासारखं काय होतं, ते मला आजतागायत सापडलेलं नाही. पण मी उभी राहिले.

"घटनेत बाहेर पडायची तरतूद नाही," मी म्हणाले.

"वहिनी, घटना तुम्हीच लिहिली आहे," भाऊजी म्हणाले. "एक ओळ वाढवा."

लोक हसले. मी नाही हसले. मैत्रिणीकडे बघून म्हणाले, "तुम्हां नागपूरकरांना सवयच आहे. तिकडे वेगळा विदर्भ, इकडे वेगळं नेपरव्हिल."

तीसुद्धा गंमतीनंच म्हणाली, "होय नं बाप्पा. पुण्याहून कारभार चालला की आमच्याकडे पाणी येतच नाही."

इथे मी बसायला हवं होतं. शेंगदाणा चावायला हवा होता. पण लायब्ररीतल्या त्या तळघरात मी नुकतंच या देशाचं यादवी युद्ध शिकून आले होते. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, अध्यक्षांनी त्यांना जाऊ दिलं नाही, युनियन टिकली. आणि आमचं इलिनॉय तर त्याच अध्यक्षांचं राज्य. गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्यांचं नाव. मला वाटलं, इतिहासानं आज ही जबाबदारी माझ्यावर टाकलेली आहे.

"याला या देशात ट्रीझन म्हणतात," मी म्हणाले. "मराठीत देशद्रोह. आपल्या इतिहासात फितुरी. तुम्हाला हवं ते नाव घ्या."

आधी परत सगळे हसले. मग लोकांना कळलं की मी गंमत करत नाहीये. कुणीतरी चमचा खाली ठेवला. मैत्रीण माझ्याकडे बघत होती, एखाद्या लहान मुलाला ताप चढतोय का ते बघावं तशी.  ती उठून खुर्च्या घडी करायला लागली. मंडळ सोडून जाणारी अकराही घरं त्या दिवशी खुर्च्या आवरूनच गेली.

आता जे केलं ते सांगते, कारण नुसत्या बोलण्याने कुणी मरत नाही. आमच्या मंडळाचं एक टेलिफोनचं झाड होतं. इथे बऱ्याच संस्थांचं असायचं तसंच. एखादी बातमी आली की मी दोन घरांना फोन करायचा, त्या दोघांनी पुढच्या दोन-दोन घरांना, त्यांनी आणखी पुढे. बर्फामुळे कार्यक्रम कॅन्सल झाला, कुणाची आई तिकडे भारतात वारली, कुणाला मुलगी झाली, कुणाला हॉस्पिटलमध्ये डबा हवाय. एकीच्या स्वयंपाकघरातून निघालेली बातमी जेवणं व्हायच्या आत सगळीकडे पोचायची. इथे आम्हाला ना काका ना मामा. कुणाचं काही झालं तर दारात येऊन उभी राहणारी भावकी म्हणजे हे झाड. त्याच्या टोकाला मी, आणि माझ्याखालच्या दोन फांद्यांपैकी एक ती. त्यामुळे कुठल्याही बातमीसाठी मी तिला फोन करायची, आणि बातमी नसली तर बातमी नाही हे सांगायला करायची.

मी नवीन झाड टाइप केलं आणि त्यातून ती अख्खी फांदी काढून टाकली. सभासदच नाहीत तर झाडात कशाला? मी ते झेरॉक्स करून घरोघरी पाठवलं, त्या अकरा घरांनासुद्धा. काय माझी कार्यक्षमता!

जूनमध्ये मी शेजारच्या वकील आजोबांकडे गेले. आमच्या लगतच्या घरात एक निवृत्त वकील राहायचे. मूळचे जॉर्जिया राज्याचे, पण सगळी प्रॅक्टिस शिकागोत झालेली. बायको वारल्यावर एकटेच असायचे. मी त्यांना पोहे नेऊन द्यायची, ते मला 'यंग लेडी' म्हणायचे; चाळिशीला टेकल्यावर एवढं म्हणणारा शेजारी असला की पोहे द्यायला परवडतं. त्यांच्या अंगणात बसून मी विचारलं, "फुटून निघणं हा देशद्रोह होतो ना?"

"कोण फुटलंय?"

"नेपरव्हिल."

ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मी सगळी हकीकत सांगितली. मग ते गंभीर झाले, मला तर जरा जास्तच वाटले.

"हे बघ," ते म्हणाले, "आमच्या घटनेनं व्याख्या करून ठेवलेला गुन्हा एकच, देशद्रोह. खून, दरोडे सगळं नंतरच्या कायद्यांवर सोडलं. हा एकच शब्द त्यांनी पिंजऱ्यात घालून ठेवला. कारण इंग्लंडचे राजे ज्याचा राग येईल त्याला देशद्रोही ठरवायचे, आणि घटना लिहिणारी ही मंडळी स्वतः राजाच्या लेखी देशद्रोहीच होती. म्हणून नीट लिहिलं: देशाविरुद्ध युद्ध करणं, किंवा शत्रूला मिळून त्याला मदत करणं. बाकी काही नाही. त्यालाही एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार लागतात, नाहीतर भर कोर्टात कबुली. नेपरव्हिलनं युद्ध पुकारलंय का?"

"आमचा गणपती त्यांच्या बेसमेंटमध्ये आहे," मी म्हणाले.

ते खरंच होतं. मंडळाची मूर्ती एकच, कुणीतरी सूटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणलेली. इथल्या तळ्यात विसर्जन करायला परवानगी नाही, म्हणून बादलीत तीनदा बुडवल्यासारखं करायचं आणि पुन्हा चादरीत गुंडाळून ठेवायचं. सगळ्यांत मोठं बेसमेंट नेपरव्हिलला होतं.

"म्हणजे किल्ला त्यांच्या ताब्यात आहे," आजोबा म्हणाले. "गोळी झाडली?"

"नाही, पण—"

"मग थांब. माझे पणजोबा दक्षिणेच्या सैन्यात होते."

मी कानकोंडी झाले. इतका वेळ मी दक्षिणेला काय काय म्हणत होते! पण ते शांतपणे बोलत राहिले. पणजोबांनी बंदूक चालवली, त्याला दोन काय, अख्खी पलटण साक्षीदार होती, तरी त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला झाला नाही. इतकंच काय, दक्षिणेच्या अध्यक्षाला दोनेक वर्षं तुरुंगात ठेवलं, त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला, आणि खटला चालवलाच नाही. जामिनावर सोडलं, पुढे सरसकट माफी दिली.

"का?" मी विचारलं.

"भीतीनं. तो काय म्हणणार ते सगळ्यांना माहीत होतं. 'माझं राज्य बाहेर पडलं, तेव्हाच मी तुमचा नागरिक राहिलो नाही; मग जो तुमचा नाही तो तुमचा द्रोह कसा करेल?' आणि ज्युरी तिथलीच बसणार. एकानं जरी त्याच्या बाजूनं मान डोलावली असती, तर रणात जिंकलेलं कोर्टात हरायची पाळी."

"मग बाहेर पडता येतं म्हणा की!"

"नाही. युद्धानंतर एका राज्याच्या कर्जरोख्यांचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा कोर्टानं सांगितलं की राज्यांना आपापलं असं बाहेर पडता येत नाही. त्यांनी ठराव केले ते फुकट होते. ती सबंध वेळ युनियनमध्येच होती."

मी टाळी वाजवली. "म्हणजे मी म्हणत होते तेच!"

"अर्धंच," आजोबा म्हणाले. "आता पुढचं ऐक. बाहेर पडता येत नाही म्हणतेस, तर ते अजून तुझेच आहेत. तुझ्या माणसांना जे द्यायचं ते सगळं त्यांना द्यावं लागेल. आणि बाहेर पडले म्हणत असशील, तर ते शेजारचा देश झाले. शेजारच्या देशाला कुणी देशद्रोही म्हणत नाही. दोन्हीतलं एक घे, यंग लेडी. आमच्या सरकारला शंभर वर्षांत दोन्ही घेणं जमलेलं नाही."

 मग त्यांनी विचारलं, "का बाहेर पडली तुझी मैत्रीण? ते विचारलंस? माझ्या घरात पणजोबांबद्दल हक्क, मान, असं खूप सांगायचे. मला कायदा शिकल्यावर कळलं, माणसं विकत घ्यायची आणि राबवायची, ते चालू राहावं म्हणून गेले होते. त्यापुढे बाकी सगळी सजावट. तुझी का गेली?"

"लांब पडतं म्हणे," मी म्हणाले. "बर्फात."

आजोबांनी माझ्या ग्लासात चहा ओतला. 

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "सुप्रीम कोर्ट माझ्या बाजूनं आहे." माझ्या सोयीचं अर्धं मी उचललं आणि उरलेलं आजोबांच्या अंगणात ठेवून आले. मला अक्कल नव्हती असं नाही. ती होती, पण तिला बोलायला वेळ मिळत नव्हता. सगळा वेळ मीच बोलत होते.

जुलैमध्ये आमचा शपथविधी झाला. डाउनटाउनच्या कोर्टात उजवा हात वर करून आम्ही शपथ घेतली. आपल्या जुन्या देशाची निष्ठा मी संपूर्णपणे सोडते, असं त्या शपथेत तोंडानं म्हणावं लागतं. मी म्हटलं, आणि बाहेर येऊन पिस्त्याचं आइस्क्रीम खाल्लं. मला कुणी देशद्रोही म्हणालं नाही. तिकडून माझ्या आईचं पत्र आलं, त्यात फक्त 'तब्येतीला जप' लिहिलं होतं. देश सोडला तो मी, आणि देशद्रोही ठरली नेपरव्हिलची ती, जिनं अजून भारताचा पासपोर्ट जपून ठेवला होता. हा विनोद तेव्हा माझ्या लक्षातच आला नाही.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मुलानं उचलला. "आई, नागपूर मावशी."

मी हातानं खूण केली, घरी नाही म्हण.

पोरगं इथे वाढलेलं, सरळ. त्यानं फोनमध्ये सांगितलं, "शी सेज शी इज नॉट होम."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मला तो सिंकपाशी ऐकू आला. मग ती त्याला म्हणाली असणार काहीतरी, कारण त्यानं "ओके, थँक्यू मावशी" म्हणून फोन ठेवला. "काय म्हणाली?" मी विचारलं. "काँग्रॅट्स," तो म्हणाला, आणि टीव्ही बघायला गेला.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी भाऊजी एकटेच आले. स्टेशन वॅगनच्या पुढच्या सीटवर गणपती, वर चादर, त्यावरून सीटबेल्ट. मागे मंडळाच्या समया, सतरंज्या, आरतीचं ताट, सगळं. आम्ही अजून मागितलंही नव्हतं. ते बेल न वाजवता गॅरेजच्या दारातच उभे राहिले.

"वहिनी, जपून धरा," ते म्हणाले. "उजवा हात मागे एकदा निखळला होता. मी चिकटवलाय, पण भरवसा नाही."

"तुमच्याकडे कुठला बसवणार मग?" मी विचारलं.

"तिकडच्या मुलींनी मातीचा केलाय. सोंड जरा आखूड झाली आहे. चालेल त्याला."

ते थोडा वेळ उभे राहिले. घरातून कॉफीचा वास येत होता, मीच नुकती केलेली. उन्हात तासभर गाडी चालवून आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणायला किती शब्द लागतात? मी म्हणाले, "बरं, निरोप कळवते समितीला." ते "येतो" म्हणाले. गाडी मागे घेताना त्यांनी हात केला. माझे दोन्ही हात गणपतीला धरून ठेवण्यात गुंतले होते.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. दोन दिवस शाळा बंद होत्या. रस्ते मोकळे झाल्यावर मी डेव्हन अव्हेन्यूला गेले, आमचं सगळ्यांचं वाणसामान तिथूनच यायचं. गुजराती दुकानदार ओळखीचा. मी भेंडी निवडत होते. तो गल्ल्यावरून म्हणाला, "बहेनजी, बहुत बुरा हुआ."

"काय झालं?"

"वो आपके नेपरव्हिलवाले साहब. बर्फ हटाते हटाते... परसों सब सामान यहीं से गया." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "आपको मालूम नहीं?"

काळे तीळ, जव, नारळ, पांढरं कापड. भाऊजींच्या शेवटच्या कार्याचं सामान काय काय होतं, ते मला एका दुकानदाराकडून कळलं. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढताना ते कोसळले होते. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्या दिवशी दहनही झालं होतं. तिकडची दहा घरं होती, त्यांनी सगळं केलं. आमच्याकडे उत्तरेला कुणालाच पत्ता नव्हता. पत्ता लागणार कसा? बातमी ज्या फांदीवरून यायची ती मी छाटली होती. तिकडच्या लोकांच्याही हाताशी माझं नवं झाडच होतं. त्यात आपली नावं नाहीत, म्हणजे आपल्याकडचं कुणाला नकोय, असंच त्यांनी धरलं. मीही तेच धरलं असतं.

मी भेंडी तिथेच टाकली आणि ह्यांना ऑफिसात फोन केला. हे अर्धा दिवस टाकून आले.  नेपरव्हिलपर्यंतच्या रस्त्यात एकदाच हे म्हणाले, "मला एकदा फोन करायचा होता त्याला. राहूनच गेला." त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यांचा ड्राइव्हवे अर्धा मोकळा होता. अर्ध्यात बर्फ तसाच. लोकांनी बाजूनं पायवाट केली होती, तो अर्धा तसाच ठेवला होता. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. माझ्या मांडीवर वाढलेली, आता माझ्या खांद्याएवढी. "हाय काकू," ती म्हणाली. मावशी नाही, काकू. "आई इज स्लीपिंग. यू कॅन सिट इफ यू वाँट."

आम्ही बसलो. आत बायका पोळ्या करत होत्या, सगळ्या माझ्या ओळखीच्या, माझ्या हातून देशद्रोही झालेल्या. एकीनं मला पाणी आणून दिलं.  मी लाटणं मागितलं, तर "राहू द्या, होतच आलंय," म्हणाल्या. पाव्हण्याशी बोलतात तसं. मैत्रीण खाली आली नाही. अंधार पडायला लागला तशी आम्ही निघालो.

नंतर मी फोन करायची. कधी मुलगी उचलायची, कधी मैत्रीण. "बरी आहे," म्हणायची. "हो, जेवले." दोन वाक्यं, की फोन संपायचा. मी झाड पुन्हा टाइप केलं, सगळी नावं घालून. मंडळात कुणी हरकत घेतली नाही. कुणाला घटना आठवतच नव्हती. ती वाचली होती ती बहुतेक मीच.

शाळेचं वर्ष संपल्यावर तिनं घर विकायला काढलं. भाऊ ॲरिझोनात, चँडलरला होता, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत. तिकडे जायचं ठरवलं. "तिथे बर्फ नाही," एवढंच कारण तिनं मला फोनवर सांगितलं. सामान बांधायला येऊ का विचारलं, तर "ये," म्हणाली.

मी दिवसभर तिच्या स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. ती भाऊजींचे कपडे बांधत होती. दुपारी आम्ही जमिनीवर बसून दहीभात खाल्ला, कारण टेबल गेलं होतं. मी कितीतरी दिवस बोलायचं ठरवून आले होते. आणि बोलायला लागले ते काय, तर कायदा! माझी जीभ जशी वळणार तशीच वळणार. मी तिला सांगितलं की आमच्या शेजारच्या वकिलांनी समजावलं होतं. नुसतं बाहेर पडणं हा देशद्रोह नसतो. तुम्ही काही युद्ध केलं नाहीत. उलट गणपतीसुद्धा परत आणून दिलात. आणि बाहेर पडताच येत नसेल, तर तुम्ही आमचेच होतात, म्हणजे फोन करणं माझं कर्तव्य होतं. चूक माझी. कायद्यानंसुद्धा माझी. मी हे सगळं एका दमात बोलले आणि मग मला रडू आलं.

ती ऐकत होती. उरलेला भात तिनं माझ्या ताटात वाढला. मग खिडकीकडे बघत, हळू, अगदी साध्या आवाजात म्हणाली:

"देशद्रोही म्हण, फितूर म्हण, काहीही म्हण बाप्पा, त्याचं मला काही नाही. पण ह्यांना दहनाला आत न्यायच्या वेळी तिथल्या माणसानं विचारलं, जवळचं कोणी यायचं राहिलंय का, थांबू का थोडा वेळ. अन् मी म्हटलं, नाही, कोणी नाही. खोटं बोलले मी. ह्यांच्यासमोर."